मांडीवर ट्रे घेऊन सिंक्रोट्रॉनला

दिवस पहिला

सहा तासांच्या प्रवासात मी ट्रे एकदाही खाली ठेवला नाही. २४ खणांचा प्लॅस्टिकचा ट्रे, तो थर्माकोलच्या डब्यात, डबा माझ्या मांडीवर. प्रत्येक खणावर एक काचेची कव्हरस्लिप ग्रीसने चिकटवलेली आणि तिच्या खालच्या बाजूला एक थेंब लटकलेला: एक मायक्रोलिटर प्रोटीन, एक मायक्रोलिटर खालच्या खणातलं द्रावण. खणात पीईजीचं (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, पाणी ओढून घेणारं रसायन) प्रमाण जास्त, म्हणून थेंबातलं पाणी हळूहळू वाफेच्या वाटेने खाली जातं. थेंब घट्ट होत जातो आणि सगळं जुळून आलं तर त्यात क्रिस्टल धरतो. आमच्या एंझाइमचे क्रिस्टल धरायला अकरा दिवस लागले होते. गाडीला एक जोराचा धक्का बसला की थेंब घसरून ग्रीसला लागणार. डबा उन्हात तापला की क्रिस्टल विरघळणार किंवा एका चांगल्या क्रिस्टलच्या जागी पन्नास बारीक सुया उगवणार.

सोबत माझी ज्युनिअर होती, तिचा हा पहिलाच बीमटाइम, म्हणजे सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांत आपले क्रिस्टल तपासायला मिळालेला ठरावीक वेळ. तिने विचारलं, "ताई, एवढे नाजूक असतात का हे?"

असतात. मिठाचा खडा आणि प्रोटीनचा क्रिस्टल दिसायला सारखे असले तरी जात वेगळी. प्रोटीनच्या क्रिस्टलमध्ये साधारण निम्मं पाणीच असतं. मोठमोठे रेणू एकमेकांना जेमतेम काही ठिकाणी टेकून उभे, मधल्या पोकळ्यांत द्रावण. हे पाणी उडालं की रचना ढासळते. म्हणूनच १९३४ पर्यंत प्रोटीनच्या क्रिस्टलमधून कुणालाही नीट डिफ्रॅक्शन (क्रिस्टलवर क्ष-किरण टाकले की ते विखुरून उमटणारे ठिपके, ज्यांवरून रेणूची रचना काढतात) मिळालं नव्हतं. बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट (पुढच्या डोरोथी हॉजकिन) यांनी त्या वर्षी पेप्सिनचा क्रिस्टल त्याच्याच द्रावणासकट काचेच्या बारीक नळीत बंद केला आणि फिल्मवर ठिपके उमटले. त्यांनी केलं काय, तर क्रिस्टल वाळू दिला नाही. आज यंत्रं शंभरपट मोठी झाली, तरी हा नियम जागचा हललेला नाही.

गोठवलेल्या क्रिस्टलची एक खेप आठवडाभर आधीच ड्राय शिपरने, म्हणजे अतिथंड वाहतुकीच्या भांड्यातून, पुढे पाठवली होती. ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते: ड्राय शिपरमध्ये द्रव नायट्रोजन खळखळत नसतो, तो भिंतींतल्या सच्छिद्र थरात शोषलेला असतो. त्यामुळे पाठवण्याआधी शिपर पूर्ण भरून एक दिवस मुरू द्यायचा, उरलेला द्रव ओतून टाकायचा, आणि वजन लिहून ठेवायचं. पोचल्यावर पुन्हा वजन करायचं. किती नायट्रोजन उडाला हे त्यातूनच कळतं. आमचा शिपर ठीक पोचला होता.

संध्याकाळी आत गेलो. सिंक्रोट्रॉन बाहेरून पाहिलं तर एक प्रचंड गोल इमारत, बाकी काही नाही. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या रिंगचा परीघ ८४४ मीटर आहे, जपानच्या स्प्रिंग-८ चा १४३६. आम्ही गेलो ती याहून लहान, तरी आत माणसं तीनचाकी सायकलींवरून फिरत होती. काँक्रीटच्या भिंतीआड इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरत असतात. चुंबकांनी त्यांना वळवलं की ते क्ष-किरण सोडतात आणि ते किरण स्पर्शिकेच्या दिशेने एकेका बीमलाइनवर बाहेर काढलेले असतात.

बीमलाइनवरच्या सरांनी आधी सुरक्षेचा पाठ घेतला. डोसिमीटर (किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला) छातीशी लावायचा. हचमध्ये, म्हणजे शिशाच्या भिंतींच्या त्या खोलीत, कुणी राहिलं नाही याची खात्री करायला आतल्या कोपऱ्यापर्यंत चालत जायचं, तिथलं बटण दाबायचं, मग दाराजवळचं, मग भोंगा वाजत असताना बाहेर येऊन दार लावायचं. हा क्रम चुकला की शटर उघडतच नाही. ज्युनिअरने तो चार वेळा करून पाहिला आणि चौथ्या वेळी सर म्हणाले, "आता रात्री दोन वाजता झोपेतही करशील." त्यांचं म्हणणं तिसऱ्या दिवशी खरं झालं.

दिवस दुसरा

पहाटेपासून पाऊस. आमच्या कामात हवामानाची चौकशी उगाच करत नाहीत. हवेत जितकी आर्द्रता जास्त, तितका द्रव नायट्रोजनमध्ये बर्फाचा भुगा जास्त. पांढरे कण तरंगायला लागले की भांडं ओतून नवीन घ्यायचं. काटकसर इथे महागात पडते.

सकाळी आठला शिफ्ट सुरू झाली. पकमधल्या (लूपच्या पिना ठेवायच्या गोल डबीतल्या) १६ पिना रोबोटला दिल्या. रोबोटचा हात पिन उचलतो, गोनिओमीटरवर, म्हणजे क्रिस्टल फिरवणाऱ्या आधारावर, ठेवतो, आणि लूप १०० केल्विनच्या नायट्रोजन झोतात येतो. म्हणजे उणे १७३ अंश. स्क्रीनवर लूप दिसतो, नायलॉनचा केसाएवढा फास, त्यात क्रिस्टल. क्लिक करून तो बीमच्या मध्यावर आणायचा, ९० अंश फिरवून पुन्हा मध्यावर आणायचा आणि दोन चाचणी चित्रं घ्यायची, एक शून्यावर, एक नव्वदवर. दोन का? कारण क्रिस्टल एका बाजूने सुरेख आणि दुसऱ्या बाजूने फाटका असू शकतो.

पहिला लूप: काळीशार वर्तुळं, एकात एक तीन. ३.९०, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉमवर (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार-कोटीवा भाग). बर्फ.

दुसरा: बर्फ. तिसऱ्यात मोजकेच, दूरदूर पसरलेले, अतिशय ठसठशीत ठिपके. ज्युनिअर खूश झाली. मला समजलं होतं, पण सांगायला जीभ रेटेना. लहान रेणूंची घडी (क्रिस्टलमध्ये पुन्हा पुन्हा येणारा नमुना) लहान, त्यामुळे त्यांचे ठिपके विरळ असतात. प्रोटीनची घडी मोठी, म्हणून ठिपके दाट, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ओळीने. तो क्रिस्टल मिठाचा होता. आमच्या बफरमधलं फॉस्फेट आणि कुठून तरी आलेलं कॅल्शियम, एवढं मिठाचा क्रिस्टल बनायला पुरतं. घरीच ओळखायचा असेल तर अतिनील प्रकाशात पाहा: ट्रिप्टोफॅन असलेलं प्रोटीन चमकतं, मीठ अंधारात राहतं. किंवा एक क्रिस्टल बळी देऊन सुईने दाबा. मीठ कडकन तुटतं, प्रोटीन मऊपणे चिरडतं.

दुपारपर्यंत हिशेब असा झाला: १६ पैकी ९ बर्फ, २ मीठ, ५ मध्ये ठिपके होते पण चार अँगस्ट्रॉमच्या पलीकडे काही नाही (हा आकडा जितका लहान, तितका तपशील बारीक). चार अँगस्ट्रॉमला प्रोटीनचा साधारण आकार कळतो. साखळीतल्या अमिनो आम्लांच्या फांद्या कळत नाहीत आणि आम्हाला तर एंझाइमच्या खाचेत बसलेला एक लहान रेणू पाहायचा होता.

सर आमच्या शेजारी येऊन बसले. त्यांनी क्रिस्टलबद्दल विचारलंच नाही. "गोठवताना भांडं किती भरलेलं होतं?" असं विचारलं.

अर्धं, मी म्हटलं.

मग ते आम्हाला मागच्या वेट लॅबमध्ये घेऊन गेले. तिथे जे पाहिलं ते या चार दिवसांतलं सगळ्यात मोलाचं. भांडं अर्धं असलं की द्रव नायट्रोजनच्या वर गार वायूचा जाड थर साचतो. आपण लूप झटक्यात बुडवतो असं आपल्याला वाटतं, पण तो आधी या थरातून जातो आणि तिथेच हळूहळू गोठायला लागतो. हळू गोठलं की पाण्याला बर्फाची जाळी रचायला वेळ मिळतो. सरांनी भांडं काठोकाठ भरलं, एका बारीक नळीतून कोरड्या नायट्रोजनची हलकी फुंकर पृष्ठभागावर सोडली, वरचं धुकं बाजूला सरलं आणि खाली द्रव आरशासारखा दिसला. "आता बुडव," म्हणाले. मनगट न वाकवता, सरळ खाली.

मी पाच वर्षं क्रिस्टल गोठवतेय. हा थर मला कुणी दाखवला नव्हता.

(नायट्रोजनचं काम बंद खोलीत करू नका. एक लिटर द्रवाचा सुमारे सातशे लिटर वायू होतो आणि तो गुपचूप ऑक्सिजनची जागा घेतो. भिंतीवरचा ऑक्सिजन अलार्म वाजला तर हातातला क्रिस्टल सोडून बाहेर पडायचं.)

संध्याकाळ ट्रेवर गेली. कव्हरस्लिप चिमट्याने उचलून उलटी करायची आणि मायक्रोस्कोपखाली घ्यायची. थेंब उघडा पडला की घड्याळ सुरू. मिनिटा-दोन मिनिटांत वर साय धरायला लागते. लूप क्रिस्टलच्या खालून न्यायचा, वरून दाबायचा नाही. क्रिस्टल लूपमध्ये आपण ढकलत नाही, पाण्याच्या ओढीने तो आपोआप आत येतो. मग क्रायोच्या थेंबात, म्हणजे त्याच द्रावणात २५ टक्के ग्लिसरॉल घातलेलं, तीस सेकंद. मग सरळ नायट्रोजनमध्ये. माझ्या हातून सहा झाले. ज्युनिअरच्या हातून पहिला निसटला, दुसरा मोडला, तिसरा अचूक गेला.

दिवस तिसरा

रात्रपाळी. हॉलमध्ये रात्र आणि दिवस यांत फरक नसतो, पंपांची घरघर तीच, दिवे तेच. शेजारच्या बीमलाइनवरच्या दोघी कानाला हेडफोन लावून बसल्या होत्या. त्यांचा रायबोसोम (पेशीतलं प्रोटीन बनवणारं प्रचंड यंत्र) होता, आमच्यापेक्षा कितीतरी अवघड. त्यांनी मध्येच येऊन आमचं चित्र पाहिलं आणि एकीने नुसतं खांद्यावर थोपटलं.

कारण चित्र सुंदर होतं. ज्युनिअरने पकडलेला तोच क्रिस्टल. बर्फाची वर्तुळं नाहीत, ठिपके डिटेक्टरच्या काठापर्यंत. १.७ अँगस्ट्रॉम.

इथे घाई करायची नसते. बीम पूर्ण ताकदीने सोडला तर क्रिस्टल काही सेकंदांत जळू शकतो. १०० केल्विनलाही रेडिएशनचं नुकसान थांबत नाही, फक्त मंदावतं. क्रिस्टलने शोषलेल्या डोसची ३० मेगाग्रे (ग्रे हे त्या डोसचं एकक) ही आता सर्वमान्य मर्यादा आहे, पण त्याच्या कितीतरी आधी डायसल्फाइड बंध तुटायला लागतात, मग आम्लधर्मी फांद्यांची टोकं गळतात. म्हणून आम्ही बीम १० टक्क्यांवर आणला आणि ०.१ अंशाची ३६०० चित्रं घेतली, एक पूर्ण फेरी. पहाटे दोन वाजून वीस मिनिटांनी ज्युनिअरने हचचा शोधक्रम केला. झोपेतच होती बहुतेक, पण एकही बटण चुकलं नाही.

प्रोसेसिंग यंत्रच करतं, आकडे मात्र स्वतः वाचायचे. मी आधी कम्प्लीटनेस (हवे होते त्यांपैकी किती ठिपके मिळाले) बघते, मग बाहेरच्या शेलमधला, म्हणजे सगळ्यात बारीक तपशिलाच्या ठिपक्यांमधला, सीसी-हाफ. सगळी मोजमापं यादृच्छिकपणे दोन गटांत वाटली तर दोन्ही गट एकमेकांशी किती जुळतात, असा तो आकडा. कार्प्लस आणि डीडेरिक्स यांनी २०१२ मध्ये तो मांडला, तोवर लोक आर-मर्ज (एकाच ठिपक्याच्या मोजमापांतली तफावत सांगणारा जुना आकडा) वाढला की चांगला डेटा कापून फेकत असत. जुन्या सवयीने अजूनही कुणी फेकताना दिसलं की वाईट वाटतं. किती मेहनतीचे ठिपके असतात ते.

फेज मिळवणं हा एके काळचा डोंगर. डिटेक्टर ठिपक्यांची तीव्रता मोजतो, लहरींची फेज (लहर कुठल्या टप्प्यावर आहे ते) हरवून जाते आणि फेजशिवाय इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा काढता येत नाही. पेरुट्झनी हिमोग्लोबिनमध्ये पारा घालून तो डोंगर फोडला, पण १९६० च्या रचनेपर्यंत पोचायला त्यांना दोन तपं लागली. आम्ही अल्फाफोल्डचं (प्रोटीनचा आकार आधीच भाकीत करणारं एआय) मॉडेल फेझर या फेज शोधणाऱ्या प्रोग्रामला दिलं आणि वीस मिनिटांत उत्तर आलं. हे लिहिताना मला आजही थोडं थांबावंसं वाटतं.

मग कूट (नकाशात मॉडेल बसवायचा प्रोग्राम) उघडलं. अ‍ॅक्टिव्ह साइटवर, म्हणजे एंझाइमच्या त्या खाचेवर, गेलो. फरकाच्या नकाशात, जिथे मॉडेलमध्ये काही नाही पण क्रिस्टलमध्ये काहीतरी आहे तिथे, हिरवी जाळी दिसते. होती! खाचेच्या बरोबर तळाशी, तीन सिग्मावरही (सिग्मा म्हणजे नकाशातल्या चढउताराचं माप, आकडा मोठा तितकी खात्री जास्त) भरीव. ज्युनिअरने माझा हात घट्ट धरला.

मी आमचा रेणू उचलून तिथे बसवायला गेले. बसेना. आमच्या रेणूत दोन कडी आहेत आणि एका टोकाला ब्रोमिन. हिरवा भाग जेमतेम तीन कार्बनचा. फिरवून पाहिला, उलटा करून पाहिला. ब्रोमिनमध्ये ३५ इलेक्ट्रॉन, तो असता तर लपलाच नसता. पहाटे साडेपाचला आमच्या लॅबच्या मॅडमना फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "क्रायोत काय होतं?"

ग्लिसरॉल. तीन कार्बन, तीन ऑक्सिजन.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हिशेब कर."

केला. २५ टक्के ग्लिसरॉल म्हणजे सुमारे ३.४ मोलर. आमचा रेणू थेंबात २ मिलिमोलर, आणि क्रायोच्या थेंबात तर घातलेलाच नव्हता. सतराशेपट गर्दीने तीस सेकंदांत त्याला खाचेतून बाहेर काढलं होतं. सगळ्यात देखणा क्रिस्टल आणि त्यात आमच्या प्रश्नाचं उत्तर नाही.

हे कुणालाही होऊ शकतं, म्हणून ठळक सांगते: लिगँड (खाचेत बसवायचा लहान रेणू) भिजवलेला क्रिस्टल ज्या ज्या द्रावणातून जाणार, त्या प्रत्येकात लिगँड घाला. क्रायोमध्येही. आणि हिरव्या जाळीत जे पाहायला आलो तेच पाहण्याआधी, थेंबात काय काय होतं त्याची यादी कागदावर काढा. ग्लिसरॉल, इथिलीन ग्लायकॉल, सल्फेट, अ‍ॅसिटेट, पीईजीचे तुकडे, सगळं.

दिवस चौथा

दुपारी चारपर्यंत बीम आमचा. ट्रेमध्ये क्रिस्टल असलेले सात थेंब उरले होते. झोपलो नाही.

नवं क्रायो: ग्लिसरॉल नाही, ३० टक्के पीईजी ४००, त्यात ५ मिलिमोलर आमचा रेणू. पीईजी आमच्या मूळ द्रावणातही होतं, त्यामुळे क्रिस्टलला ते परकं वाटणार नाही असा अंदाज. तीन तास नव्याने भिजवलं. पाऊस थांबला होता, वेट लॅबची आर्द्रता कालपेक्षा कमी. भांडं काठोकाठ, फुंकर सुरू. पाच थेंबांतून पाच लूप.

तरंगलांबी बदलायची कल्पना सरांची. ब्रोमिनची के-एज, म्हणजे ज्या ऊर्जेला तो एकदम जास्त क्ष-किरण शोषायला लागतो ती, १३.४७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, म्हणजे ०.९२० अँगस्ट्रॉमला आहे. त्याच्या किंचित वरच्या ऊर्जेवर डेटा घेतला तर ब्रोमिनमुळे जोडीच्या ठिपक्यांत बारीक फरक पडतो आणि अनॉमलस नकाशात फक्त तेवढाच अणू उठून दिसतो. ग्लिसरॉलला हे सोंग आणता येत नाही. आम्ही ०.९१९ ठेवली. अडचण एकच, कार्बन-ब्रोमिन बंध क्ष-किरणांनी लवकर तुटतो. म्हणून बीम ५ टक्क्यांवर.

पहिला लूप: बर्फ. दुसऱ्यातला क्रिस्टल चिरलेला, ठिपके लांबोडके. तिसरा ३.२ वर संपला. चौथ्यावर पुन्हा बर्फ. पाचव्या लूपमध्ये द्रावण इतकं गढूळ गोठलं होतं की क्रिस्टल दिसेचना. अशा वेळी रास्टर करायचा: लूपवर चौकटींची जाळी आखून प्रत्येक चौकटीत क्षणभर बीम सोडायचा आणि ठिपके कुठे येतात ते बघायचं. ४८ चौकटींपैकी तिनांत ठिपके होते, खालच्या डाव्या कोपऱ्यात.

२.२ अँगस्ट्रॉम. कालच्यापेक्षा कितीतरी डावा. तीन वाजून दहा मिनिटांनी फेरी पूर्ण झाली.

नकाशा उघडला तेव्हा ज्युनिअर माऊसवर होती, मी मुद्दाम तिला बसवलं. खाचेतली हिरवी जाळी लांबट होती, मध्ये मुडपलेली. तिने रेणू सोडला. दोन्ही कडी आत गेली, एक खाचेच्या भिंतीतल्या फेनिलअ‍ॅलनीनला (एक अमिनो आम्ल) समांतर. मग अनॉमलस नकाशा चालू केला. अख्ख्या प्रोटीनभर काही नाही, अंधार. फक्त रेणूच्या टोकाला एक गोल, ९ सिग्माचा.

आम्ही ज्या बाजूला ब्रोमिन असेल असं दोन वर्षं धरून चाललो होतो, त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला. रेणू खाचेत उलटा बसतो.

सर खुर्ची ओढून जवळ आले, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे १.७ मध्ये दिसलं नसतं."

चारला शटर बंद झालं. डेटाच्या दोन प्रती घेतल्या, एक माझ्याकडे, एक ज्युनिअरकडे, वेगवेगळ्या पिशव्यांत. शिपर रिकामा करून परत पाठवायला दिला. ट्रेमध्ये अजून दोन थेंब होते, त्यातल्या एकात चांगला जाड क्रिस्टल. परतीच्या गाडीत डबा ज्युनिअरच्या मांडीवर होता आणि तिने तो सहा तासांत एकदाही खाली ठेवला नाही.